बादलीची जागा

आम्ही व्हरमाँटमध्ये राहायला गेलो ते त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात. ह्यांना तिथल्या विद्यापीठात मातीवर संशोधन करायला जागा मिळाली होती. गावात घर मिळेना, म्हणून चौदा मैलांवरच्या एका शेतावरचं दोन खोल्यांचं घर घेतलं. पूर्वी त्यात शेतावरचा गडी राहायचा. हे सकाळी सातला गाडी घेऊन जात ते दिवेलागणीला परत येत. मला गाडी चालवता येत नव्हती आणि माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. लग्नाआधी तीन वर्षं मी सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. उसाच्या रसाचे नमुने तपासायचे, ब्रिक्स काढायचा, म्हणजे रसात साखर किती विरघळलीय ते मोजायचं, हे माझं काम. ते सोडून आले आणि पहिला हिवाळा खिडकीतून बर्फ बघत काढला. स्वेटर विणला, उसवला, परत विणला.

शेत एका भावाबहिणीचं होतं. भाऊ सत्तरीचा, बहीण त्याच्याहून चार-पाच वर्षांनी धाकटी. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. गाई विकून टाकल्या होत्या, कुरणं शेजाऱ्याला चारायला दिली होती. स्वतःकडे ठेवली होती ती फक्त घरामागच्या टेकडीवरची मेपलची राई. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना नावानं हाक मारायला हवी होती. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ काही वळेना. पहिले काही महिने मी त्यांना हाकच मारली नाही, समोर जाऊन उभी राहायचे. घरात आम्ही त्यांना काका आणि आत्या म्हणायचो. पुढे एकदा आत्यांनी विचारलं की तू आम्हाला काहीच कशी म्हणत नाहीस, तेव्हा मी ते सांगून टाकलं. आत्या म्हणजे काय हे समजल्यावर त्या म्हणाल्या, "मग तेच म्हण. मला कुणी कधी काही म्हटलेलं नाही."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी आत्या गमबूट घालून दारात आल्या. दरवर्षी रस गोळा करायला मदतीला येणारा शेजारी मुलीकडे फ्लोरिडाला राहायला गेला होता. तुला बादली उचलता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी ह्यांची जुनी पँट चढवली, दोन स्वेटर घातले आणि निघाले.

रात्री पाणी गोठेल एवढी थंडी आणि दिवसा बर्फ वितळेल एवढं ऊन, असे तीन-चार आठवडे मिळतात. तेवढ्यात मेपलच्या खोडातून रस वाहतो. खोडाला गिरमिटानं बोटभर जाडीचं भोक पाडायचं, त्यात पत्र्याची छोटी तोटी ठोकायची आणि तिला झाकणाची बादली अडकवायची. रस पाण्यासारखा असतो. तोंडात घेतला तर गोड आहे की नाही याची शंका यावी इतकाच गोड. चाळीस बादल्या रस आटवावा तेव्हा बादलीभर सिरप होतं. माझ्या मामांच्या गुऱ्हाळात रस काहिलीत पडायचा तोच मुळी माश्या घोंघावतील इतका गोड. इथे झाडाकडून थेंब थेंब मागून घ्यायचा आणि बाकी सगळं लाकूडफाट्यानं आणि धीरानं करायचं.

भोकं काका पाडत. त्यांची ती पद्धत मला फार आवडली. हातमोजा काढायचा, तळवा खोडावर टेकवायचा आणि डोळे मिटल्यासारखे करून साल चाचपत जायचं. गेल्या वर्षीच्या भोकाचा भरत आलेला व्रण बोटांना लागला, की तिथून वीतभर बाजूला सरकायचं आणि गिरमीट टेकवायचं. मला वाटलं, पन्नास वर्षांचा हात आहे, त्याला डोळ्यांची गरज काय!

राईच्या पायथ्याशी रस आटवायची शेड होती. लाकडी, छपराला वाफ जायला उघडझाप करणारी झडप. आत विटांचं लांबलचक चुलाण आणि त्यावर पत्र्याचे सपाट पॅन, एकातून दुसऱ्यात रस सरकेल असे जोडलेले. वरच्या टाकीतून कच्चा रस मागच्या पॅनमध्ये थोडा थोडा येत राही आणि घट्ट होत होत शेवटच्या पॅनमध्ये पोचे. तिथेच खरी परीक्षा. शेवटच्या पॅनमध्ये बोट-दीड बोट सिरप उकळत असतं. रस यायचा थांबला तर ते काही मिनिटांत करपतं, आणि नुसतं करपत नाही, खालचा पॅनही जळतो. म्हणून तिथे सतत एक माणूस उभा लागतो. तो माणूस म्हणजे काका.

आत्या ट्रॅक्टरला टाकी जोडून राईत फिरायच्या, मी त्यांच्याबरोबर झाडाझाडाच्या बादल्या टाकीत रिकाम्या करायचे. टाकी भरली की खाली यायचं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी काकांनी मला थांबवून घेतलं. सिरप झालं की नाही हे तपासायला तिथेही हायड्रोमीटर वापरतात. उभ्या डब्यात गरम सिरप ओतायचं, काचेची नळी आत सोडायची, नळीवरची तांबडी रेघ सिरपच्या पातळीला आली की झालं. काका म्हणाले की चष्मा घरी राहिलाय, जरा रेघ बघ. मी बघितली आणि माझ्या नकळत बोलून गेले की अजून दोन ब्रिक्स कमी आहे. त्यांनी मान वर केली. हा शब्द तुला कसा माहीत, म्हणाले. मी कारखान्याचं सांगितलं. उसाचा रस कसा दिसतो, मळी कशी काढतात, प्रयोगशाळेत काय काय असतं, असं त्यांनी बारकाईनं विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, "मग रेघ तूच बघत जा."

त्या दिवसापासून माझं बादल्यांचं काम बरंचसं सुटलं. सकाळी थोडा वेळ राईत, मग शेडमध्ये. मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. सहा महिन्यांनी कुणाला माझ्या एखाद्या गोष्टीचा उपयोग झाला होता. काका पळीनं सिरप उचलून तिच्या कडेवरून सोडत, आणि धार तुटून पातळ पडद्यासारखी लोंबली की "झालं" म्हणत. निदान मला तसं वाटत होतं. पडदा लोंबतो की नाही हे मी बघत होते. ते पळीचं वजन आणि उकळीचा आवाज यांवरून बोलत होते.

चष्मा रोज घरी राहत होता. एके दिवशी तो मला त्यांच्या शर्टाच्या खिशात दिसला.

त्यानंतर दोन दिवसांनी मी राईतून परत आले तेव्हा शेड वाफेनं भरली होती. मी आत शिरून त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी राहिले. ते माझ्याकडे तोंड करून उभे होते. नजर माझ्यावर होती, पण चेहऱ्यावर कुणी आलंय अशी खूण नव्हती. स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते, आईशी बोलल्यासारखं. ते ऐकणं मला बरं वाटेना, म्हणून मी "आले मी" म्हटलं. ते दचकले. पळी पॅनच्या कडेला आपटली.

"किती वेळ उभी आहेस?"

आत्ताच आले, म्हटलं. त्यांनी पळी जागेवर ठेवली. मग सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. तीन वर्षांपासून नजरेचा मधला भाग जात चालला होता. कडेचं दिसायचं, झाडं, दार, ट्रॅक्टर अंदाजानं कळायचं. "पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नसतं," ते म्हणाले. दूरच्या एका डॉक्टरला एकटेच जाऊन दाखवून आले होते. त्यानं काही करता येणार नाही म्हणून सांगितलं होतं.

आत्यांना माहीत नव्हतं आणि त्यांना सांगायचं नव्हतं. कळलं तर ती राई विकायला काढेल, मला गावात एखाद्या खोलीत नेऊन बसवेल, आणि तिची चूकही नसेल, असं ते म्हणाले. मी मान हलवली. मग लक्षात आलं की मान हलवलेली त्यांना दिसणार नाही. "नाही सांगणार," असं मला तोंडानं म्हणावं लागलं. म्हटल्यावर ते वचन झालं.

ह्यांना मात्र मी सांगितलं. हे जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "उद्या काही झालं तर?" मी म्हटलं, मी असते ना तिथे.

या बोलण्यात थोडा अभिमान होता, हे मला तेव्हा कळलं नाही. मी असते तिथे. एका माणसाचे डोळे मी झाले आहे, असं काहीतरी मनात चाललेलं असायचं. पण त्यांच्या न दिसण्याचा अर्थ काय, ते दिवसभर कशाच्या आधारानं वावरतात, याचा मी विचारच केला नाही. रेघ बघायची आणि आकडा सांगायचा, एवढंच मला येत होतं.

शेवटच्या पॅनच्या डाव्या अंगाला, चुलाणाच्या दारापासून दोन पावलांवर, थंड कच्च्या रसाची एक बादली कायम भरलेली असायची. वरून रस यायचा थांबला किंवा सिरप उतू जाऊ लागलं, तर पटकन ओतायला. ती माझ्या वाटेत यायची. डबा घेऊन खिडकीशी उजेडात जाताना मी तिला दोनदा धडकले होते, एकदा पायमोजे भिजले होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी ती उचलून पलीकडे खिडकीखाली ठेवली. काकांना सांगायचं असं मनात होतं. तेवढ्यात ट्रॅक्टर आला, टाकी ओतायला हात लावायला मी बाहेर गेले आणि ते राहून गेलं.

त्या दिवशी रस भरभरून येत होता. रात्री कडक थंडी पडली होती आणि सकाळपासून ऊन. बादल्या भरून वाहत होत्या, आत्या खेपांवर खेपा करत होत्या. दुपारी रस्त्यावर टपालाची गाडी थांबलेली मला शेडच्या दारातून दिसली. तीन आठवडे घरचं पत्र नव्हतं. काकांनीही गाडीचा आवाज ओळखला होता. ते म्हणाले, "जा, घेऊन ये. मी आहे."

पत्र आईचं होतं. धाकट्या बहिणीला मुलगी झाली होती. मी ते रस्त्यातच उभं राहून वाचलं, मग घराच्या पायरीवर बसून परत वाचलं. मग वाटलं, घरापर्यंत आलेच आहे तर चहा टाकावा. आधण उकळत असताना मी खिडकीतून बघितलं. शेडच्या छपरातून निघणारी वाफ नेहमी पांढरीशुभ्र असायची. ती तपकिरी झाली होती.

मी धावले. वाटेत बर्फात एकदा पडले. शेडमध्ये करपल्याचा असा वास होता की डोळ्यांतून पाणी आलं. काका चुलाणाच्या दारासमोर गुडघ्यांवर बसून जळती लाकडं ओढून बाहेर काढत होते, डाव्या हातानं. उजवा हात पोटाशी धरला होता. पॅनमध्ये काळं काहीतरी फदफदत होतं. मी दारातला बर्फ फावड्यानं उचलून पॅनमध्ये टाकत सुटले. पत्रा कडाडला, एक सांधा उसवला आणि काळा पाक निखाऱ्यांवर गळायला लागला.

मग मी त्यांचा हात बघितला. बोटांपासून कोपरापर्यंत कातडी सोलवटली होती, त्यावर सिरप चिकटलं होतं. खिडकीखालची बादली मी त्यांच्यापुढे आणली आणि हात त्यात बुडवला. गार रस हाताला लागताच ते म्हणाले, "ही कुठे होती?"

काय झालं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. वरच्या टाकीच्या तोटीत बर्फाचा खडा अडकून रस बंद झाला होता. उकळीचा आवाज बदलला तसा काकांना तो लगेच कळला. त्यांचा कान चुकला नव्हता. ते दोन पावलं डावीकडे सरले आणि बादलीसाठी खाली हात घातला. तिथे बादली नव्हती. त्यांनी जमीन चाचपली, आणखी पुढे चाचपली, तोल गेला आणि सावरायला हात टाकला तो पॅनच्या कडेवर. पॅन कलला आणि उकळतं सिरप हातावर आलं.

आत्यांनीही धूर बघितला होता. त्या आल्या आणि त्यांनी शेतावरचा छोटा ट्रक सुरू केला. मी मध्ये बसले, मांडीवर बादली, बादलीत काकांचा हात. तसेच इस्पितळात पोचलो. तिथे नर्सनं एक फॉर्म आणि पेन काकांपुढे धरलं, खाली सही करा म्हणाली. डाव्या हातानं करावी लागणार होती. काकांनी कागद जवळ घेतला, लांब धरला, आणि म्हणाले की चष्मा घरी राहिलाय.

आत्या त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी काकांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट आपल्या हातात घेतलं, कागदावर नेऊन रेघेवर टेकवलं.

"इथे," त्या म्हणाल्या.

काकांनी सही केली. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. दुसऱ्याच्या घरातल्या, परक्यानं जाऊ नये अशा खोलीत आपण येऊन पडलो आहोत, असं मला वाटलं.

काकांना इस्पितळात ठेवून घेतलं. परतताना अर्ध्या रस्त्यात आत्यांनी ट्रक कडेला थांबवला. काकांच्या डोळ्यांचं त्यांना दोन वर्षांपासून माहीत होतं, म्हणाल्या. काका गावात ओळखीच्या बाईला ओळख न दाखवता निघून गेले होते, तेव्हाच. मग त्या बघत राहिल्या. घरात कुठलीही खुर्ची त्या हलवत नसत. राईतल्या वाटेवर ट्रॅक्टर रोज त्याच चाकोरीतून नेत, म्हणजे त्यांच्या पायांना ती लागत राहील. मी विचारलं, तुम्ही त्यांना बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "तो सांगेल म्हणून वाट बघत होते. आधी मी बोलले असते, तर त्याच्याकडून तेवढंही काढून घेतल्यासारखं झालं असतं." थोड्या वेळानं त्या पुढे म्हणाल्या, "तुला मी बादल्यांसाठी बोलावलं नव्हतं. पॅनजवळ दुसरं कुणीतरी असावं म्हणून बोलावलं."

तेव्हा मी त्यांना बादलीचं सांगितलं. ती सकाळी मी हलवली होती आणि सांगायला विसरले होते. आत्या समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ट्रक सुरू केला. माझ्या घराशी मला उतरवताना म्हणाल्या, "त्यालाही सांग."

पुढचे पाच दिवस राईत कुणी गेलं नाही. रस येतच होता. बादल्या भरल्या, वाहिल्या, आणि प्रत्येक झाडाखालच्या बर्फात एकेक खळगा पडला. मी एकदा तिथे जाऊन उभी राहिले. शेकडो बादल्यांतून टपटप आवाज येत होता. मी परत फिरले.

काका घरी आले त्या दिवशी मी गेले. ते स्वयंपाकघरात बसले होते, हात बँडेजमध्ये. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बादली वाटेत येत होती म्हणून मी ती उचलली, तुम्हाला सांगितलं नाही, पत्र दोनदा वाचलं, चहा टाकला. काही गाळलं नाही. ते ऐकत होते. मग म्हणाले, "शेडमधलं काही हलवू नकोस, एवढं मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला लाज वाटली." मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी डावा हात वर केला. "तुझी चूक आहे," ते म्हणाले. "माझीही आहे. आता चहा पी."

पुढे अनेकदा लोकांनी, ह्यांनीसुद्धा, माझी समजूत घातली की तुझा यात काही दोष नव्हता. त्याचा मला कधी उपयोग झाला नाही. दोष आहे म्हणून सांगून ज्यांनी समोर चहा ठेवला, त्यांच्या बोलण्याचा झाला.

गावातल्या पत्रेवाल्यानं पॅनचा सांधा जोडून दिला. मोसमाचे थोडे दिवस उरले होते. आता या वर्षी पुरे, बादल्या उतरवू, असं आत्यांचं म्हणणं होतं. काका मात्र सकाळी उठून शेडमध्ये जाऊन बसले. मग आत्या मुकाट्यानं लाकडं आणायला गेल्या.

तेव्हापासून सगळं उघडपणे सुरू झालं. पॅनजवळ एक स्टूल आलं. काका त्यावर बसत, कान पॅनकडे. आत्या टाकी ओतून आल्या की चुलाणात लाकडं सारत, मी रेघ बघायची. काका "झालं" म्हणाले की मी डबा भरून तपासायची, आणि बहुतेक वेळा तांबडी रेघ पातळीलाच असायची. पहिल्या दिवशी ते एकदा चुकले. रेघ बरीच खाली, सिरपमध्ये बुडालेली होती. मी क्षणभर घुटमळले. खोटं सांगणं सोपं होतं आणि सिरप थोडं पातळ राहिलं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. आत्या लाकूड हातात धरून माझ्याकडे बघत होत्या.

"अजून दोन हवेत," मी म्हटलं.

"दोन," काका म्हणाले आणि परत कान लावला. बस्, इतकंच. पण नंतर कधीही, रेघ बघ असं म्हणताना त्यांच्या आवाजात ओशाळलेपण ऐकू आलं नाही. आणि बादलीला आत्यांनी जमिनीत दोन खुंट्या ठोकून जागा करून दिली होती. तिला मी परत कधी हात लावला नाही, की तिला धडकलेही नाही.

एप्रिलच्या मध्यावर मेपलच्या कळ्या फुगल्या. त्यानंतर रसाला एक हिरवट, उग्र वास येतो आणि सिरप खाण्याजोगं राहत नाही. काकांनी ते वाफेवरूनच ओळखलं आणि थांबा म्हणाले. आम्ही तिघांनी तोट्या काढल्या, बादल्या गरम पाण्यानं धुऊन उपड्या रचल्या. हात बरा झाला, पण दोन बोटं पुरती उघडेनाशी झाली. ते गिरमीट डाव्या हातानं फिरवायला शिकले.

अशी आणखी दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर काढली. मधल्या उन्हाळ्यात आत्यांनी त्यांच्या ट्रकवर मला गाडी शिकवली. शहाऐंशीच्या ऑगस्टमध्ये ह्यांना न्यू जर्सीत नोकरी लागली आणि आम्ही वेस्ट विंडसरला आलो. तिथे आजूबाजूला मराठी माणसं होती, आयसेलिनला जाऊन डाळी-मसाले आणता येत होते, आणि नोकरीचा परवाना मिळाल्यावर मी एका औषधांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. आत्यांचं पत्र महिन्यातून एकदा यायचं. खाली काकांची सही असायची, तिरकी, रेघ सोडून वर गेलेली.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत काका गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. आत्यांनी फोन केला तेव्हा मी ताबडतोब निघते म्हटलं. त्या म्हणाल्या, घाई करू नकोस, त्याला मे महिन्यात पुरणार. मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. हिवाळ्यात तिथली जमीन दगडासारखी गोठलेली असते, खड्डा खणता येत नाही. जानेवारीत गेलेल्या माणसाला स्मशानभूमीतल्या दगडी खोलीत ठेवतात आणि माती सुटली की मग पुरतात. माणूस गेला की काही तासांत सगळं उरकणाऱ्या घरातली मी. माणूस गेलाय आणि चार महिने तसाच आहे, ही कल्पनाच मला झेपेना. रात्र झाली की ती दगडी खोली मनात यायची.

मार्चमध्ये मी फोन केला तेव्हा आत्या फोनवर धापा टाकत होत्या. राईतून नुकत्याच आल्या होत्या. एकट्यानं सगळी झाडं जमत नव्हती म्हणून घराजवळची साठ-सत्तर धरली होती. मी विचारलं की या वर्षी कशाला करता? तेव्हा त्या म्हणाल्या, "तो अजून मातीच्या वर आहे. तो वर आहे तोवर मी झाडं रिकामी ठेवणार नाही."

मेच्या पहिल्या शनिवारी आम्ही गेलो. पंधरा-वीस माणसं होती. डोंगरउतारावरची स्मशानभूमी, गवत नुकतं हिरवं होत होतं, माती काळी, ओली आणि जड होती. ह्यांनी सवयीनं ती चिमटीत घेऊन चुरून बघितली आणि मग ओशाळून हात खाली केला. पाद्री थोडंच बोलले. आत्यांनी वाकून ढेकूळ उचललं, खाली टाकलं, आणि बाजूला सरून मला पुढे केलं. मीही टाकलं. मातीचा खाली पडलेला आवाज मी ऐकला. जवळ जवळ चार महिने उशिरा, पण काका गेले हे मला तेव्हा खरं वाटलं.

नंतर घरी सगळ्यांना कॉफी आणि डोनट्स दिले. आत्यांनी राई विकायची ठरवली होती. घेणारा त्यांची कुरणं चारायला घेतलेला शेजारीच होता. तो बादल्यांऐवजी प्लास्टिकच्या नळ्या लावणार होता. हे त्यांनी मला साध्या आवाजात सांगितलं. त्या गावात, चर्चच्या मागे, एका खोलीत राहायला जाणार होत्या. तुमच्या भावाला ज्याची भीती होती तेच तुम्ही स्वतः पत्करताय, असं माझ्या मनात आलं. त्यांनी बहुधा ओळखलं. म्हणाल्या, "मला तिथे जायला हरकत नाही. त्याला होती."

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते. आमच्याकडे स्मशानातून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवत नाहीत. हे म्हणाले, पुढच्या पेट्रोल पंपावर थांब, निदान हात तरी धू. माझ्या नखांत ती काळी माती होती आणि स्टिअरिंगवर तिचे डाग पडले होते. मी म्हटलं, घरी गेल्यावर बघू. पंप आला आणि मागे गेला. नंतर हे झोपून गेले आणि मी न्यू जर्सीपर्यंत एकटीच जागी होते.